मधुवंती माडीवर आहे

काळेवाडी
रविवार, ४ जानेवारी २०२६

ताई, जय भीम.

पुढे 'इकडे आम्ही मजेत आहोत' असं लिहायचं असतं. ते लिहिलं आणि खोडलं, म्हणून हा कागद दुसरा आहे.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, साधनाताईनं दिला. ती आता चाकणला आमच्या कंपनीत आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर. तुझा नंबर मागितला तर म्हणाली, "नंबर देणार नाही. पत्र लिही. उघडायचं की नाही ते तिचं ती ठरवेल." दोन वर्षांत तिनं तुझ्याबद्दल सांगितलेलं एवढंच: होसूरला आहेस, कंपनीच्या हॉस्टेलवरून आता स्वतःच्या खोलीत राहायला गेलीस, आणि कोर्टातलं संपत आलंय.

पत्र लिहायला मला तूच शिकवलंस. पप्पा कंपनीतून जुनी जॉबकार्डं आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर तू मला अ-आ गिरवायला लावायचीस, शाळेत नाव घालायच्या आधीपासून. मग पप्पांचा नियम आला: रोज पाच ओळी, आज काय पाहिलं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही, पाहिलेलं. तू एकदा लिहिलंस की गल्लीत हत्ती आला होता. पप्पांनी शांतपणे विचारलं, "त्याच्या कोणत्या पायात साखळी होती?" तू रडायला लागलीस.

घरातलं लिहायला घेतलं की माझा हात थांबतो. म्हणून मालिकांबद्दल लिहिते. त्यावरून आपण कितीही भांडलो तरी ते जेवणापर्यंतच टिकायचं.

साडेसातला आता 'सोनसळी उंबरा' लागते. तू होतीस तेव्हा त्या वेळेला जुळ्या बहिणींची होती. ती बंद झाली. एक बहीण कोमातच राहिली, तिचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. 'सोनसळी'ला दीड वर्ष झालं. मधुवंती नायिका. पद्मा तिची आई. नंदकिशोर नवरा, त्याचा साखर कारखाना आहे, पण तो कामावर जाताना कधी दिसत नाही. अवधूत डॉक्टर आहे आणि चांगला माणूस आहे, त्यामुळे त्याचं पुढे काही होणार नाही.

माझं स्पष्ट मत असं की हे लिहिणाऱ्यांना घर माहीत नाही. एवढा मोठा वाडा, पण त्यात टीव्ही नाही. संध्याकाळी साडेसातला ती सगळी माणसं दिवाणखान्यात नुसती उभी असतात. कुणाची शिफ्ट नसते, कुणाची कंपनीची बस चुकत नाही. रडताना कुणाचं नाक वाहत नाही. भिंतीवर सगळे देव असतात, बाबासाहेब नसतात. बुद्ध असलाच तर हॉटेलात असतो तसा, कुंडीशेजारी. आईचा प्रश्न याहून साधा आहे. ती म्हणते, "हिचं दळण कोण आणतं गं?"

आईला आता टीव्ही दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. उजेड कळतो, माणूस उभं आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. साखर वाढलेली म्हणून ऑपरेशन पुढे पुढे गेलं, आता ३ फेब्रुवारी नक्की झालीय. यंदा एक जानेवारीला कोरेगावलासुद्धा गेलो नाही, गर्दीत तिचा हात सुटेल अशी मला भीती वाटली.

तर रोज साडेसातला मी शेजारी बसून सांगते. बोलणं तिला ऐकू येतं, पण मालिकेत बोलणं कमी आणि बघणं जास्त. ढॅण करून वाजतं आणि आई विचारते, "आता काय झालं?" मी म्हणते, "काही नाही. सगळे एकमेकांकडे बघतायत."

तुला एक गोष्ट सांगायची आहे. आज नाही. तिला दिसायला लागायच्या आत सांगायची असं मी ठरवलंय.

तुझी
मिनल


रविवार, ११ जानेवारी

ताई,

पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं असं धरते. हे धरणं बरोबर नाही, सात दिवस झालेत फक्त.

माझं काम तुला माहीत नसेल. रबरी सील तपासायचे. ट्यूबलाइटखाली एकेक धरायचा, फिरवायचा, चीर आहे का, बुडबुडा आहे का बघायचं. चांगला हिरव्या खोक्यात, वाईट लाल खोक्यात. शंका आली तरी लालच, आणि वहीत काय दिसलं ते लिहायचं. आमचे सुपरवायझर म्हणतात, "मिनल मॅडम, तुमच्या टेबलावर आला की चांगला सीलपण घाबरतो हो." सगळे हसतात. मीही हसते. पण घरी येताना बसमध्ये मला आठवत राहतं की अकरा वाजता एक सील मी हिरव्यात टाकला, तो नीट फिरवून पाहिला होता का.

आईला मालिका सांगताना मी तसंच करते. नंदकिशोर हसला की 'हसला' म्हणते, 'बरा वाटतोय' असं म्हणत नाही. परवा विमलबाई आल्या होत्या, शेजारच्या. त्या म्हणाल्या, "ही काय गं सांगायची पद्धत, पंचनामा केल्यागत! जरा रंग भरून सांग की." आई म्हणाली, "आसंच बरं हाय. हिचं आईकलं की मला सोताला दिसल्यागत वाटतं."

शनिवार-रविवारी रात्री नऊला गाण्याची स्पर्धा बघतो. त्यात गाणं चार मिनिटं आणि गरिबी दहा मिनिटं. एका मुलीच्या वडिलांना स्टेजवर बोलावून त्यांच्या हाताला पडलेले घट्टे कॅमेऱ्याला दाखवले. परीक्षक रडले. आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग पोरगी सुरात गायली का न्हाई?" ते कुणीच सांगितलं नाही. तुझ्या पप्पांच्या हाताला पण घट्टे होते ना, तुला कुणी असं बोलावलं असतं तर तू त्या माणसाचा माइक काढून घेतला असतास. 'तुझ्या पप्पांच्या' असं का लिहिलं मी? आपल्या.

नंदकिशोरबद्दल मला खरोखर राग आहे. गेल्या महिन्यात त्यानं मधुवंतीला खोलीत कोंडलं, फोन काढून घेतला, हात पिरगाळला. मग बहुतेक लोकांना तो नट आवडायला लागला असावा. कारण आता त्याला एक लहानपणीचं दुःख दिलंय. दर दोन दिवसांनी तो आईच्या फोटोसमोर उभा राहतो आणि बासरी वाजते. विमलबाई म्हणतात, "बिचारा गं, आतून चांगला हाय." मी म्हणाले, "आतून कोण बघायला गेलंय? बाहेरून तिचा हात पिरगाळला ते दिसलं." आई म्हणाली, "पिंपळे गुरवचे पण असंच म्हणायचे. आतून चांगला हाय."

दोन वर्षांत तिनं तुझ्या सासरचं नाव पहिल्यांदा घेतलं. मी लगेच विचारलं, चहा ठेवू का. मला तेच येतं.

आज पुढच्या आठवड्याची झलक दाखवली. मधुवंती बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी. पद्मा आतून बघतेय. आईनं विचारलं, "काय दाखवलं?" मी म्हणाले, "नेहमीचंच."

मिनल


शुक्रवार, १६ जानेवारी

ताई,

काल मी आईला खोटं सांगितलं.

साडेसातला ती वाटाणे सोलत बसली होती. ती ते बोटांनीच करते, किडका दाणा तिला हाताला कळतो. मधुवंती दारात आली. पद्मानं दार उघडलं. दोघी बोलल्या नाहीत. पद्माचा हात कडीवर, तीन बाजूंनी दाखवला. मग तिनं दार लावलं. आवाज न करता, हळू लावलं. तेवढंच त्या मालिकेत दीड वर्षात मी खरं पाहिलं. दार आपटलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

आईचे हात थांबले. "काय केलं तिनं?"

मी म्हणाले, "दार धरून उभी आहे."

"लावलं न्हाई?"

"नाही."

"मंग आत घ्यायचं ना. काय म्हणून उभी ऱ्हायली?"

"घेईल."

"घेईल म्हंजे? तुला दिसतंय का घेताना?"

मी म्हणाले, "घेतलं."

आईनं एक शेंग उचलली. सोलली नाही, नुसती हातात धरली. जाहिरात लागेपर्यंत तशीच होती.

माझी जीभ कशी वळली ते मला कळत नाही. पप्पांनी विचारलं असतं की कोणत्या हातानं घेतलं, तर मी सांगितलंही असतं, उजव्या.

मिनल


रविवार, २५ जानेवारी

ताई,

एक खोटं सांभाळायला किती काम पडतं ते मला माहीत नव्हतं. परवापर्यंत मला या सगळ्याचं हसू येत होतं, म्हणून आधी तेच सांगते.

मागचं पत्र टाकलं त्या शुक्रवारी मधुवंती देवळाच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं म्हणाली, "आईनं माझ्यासाठी दार बंद केलं." ती हे म्हणणार असं मला तिच्या श्वासावरूनच कळलं. मी धावत जाऊन मिक्सर लावला. शनिवारी परत लावला. सोमवारी आई म्हणाली, "रोज साडेसातलाच कसली चटणी वाटतीस गं? घरात तर दाणं बी न्हाईत." मंगळवारी तिनं सरळ विचारलं, "मधुवंती घरात हाय ना? मंग तिचा आवाज का न्हाई येत घरातनं?"

मी म्हणाले, "माडीवर आहे."

"दिसभर?"

"बरं नाही तिला. झोपून आहे."

त्यांच्या घराला माडी आहे हे नशीब. तेव्हापासून रोज मालिका संपली की आई विचारते, "मधुवंती?" आणि मी सांगते, "माडीवर आहे." कधी सांगते की पद्मा वर दूध घेऊन गेली. गुरुवारी सांगितलं की दोघींनी बसून केसांना तेल लावलं. टीव्हीवर त्या वेळी पद्मा एकटी तुळशीपाशी उभी होती.

परवा जिन्यात विमलबाई भेटल्या. दळण घेऊन वर येत होत्या. मला थांबवून म्हणाल्या, "मिनल, एक बोलू? रागावू नको. तुझी आई दुपारी एकला माझ्याकडं येते बसायला, तू कामावर आसताना. तवा तीच मालिका परत लागती. मी सांगते तिला सगळं, दार लावलं, पोरगी देवळात बसली, समदं. मला म्हणती, मिनलला बोलू नको."

मी विचारलं, "कधीपासून?"

"आगं संक्रांत झाल्यापासनं. दार लावल्याच्या दुसऱ्या दिशीच आली होती. मी तिला म्हटलं, 'पोरगी तुला फसवतीय गं.' तर मला म्हणती कशी, 'दुपारचं तुझं खरं हाय. पर संध्याकाळचं तिचं आईकायला बरं वाटतं.'"

मी तिथंच पायरीवर बसले. विमलबाई पिठाचा डबा सावरत म्हणाल्या, "आता हितं बसून काय करती, वर चल."

आता ती गोष्ट लिहिते.

मार्चमधल्या त्या संध्याकाळी तू बॅग घेऊन आलीस. आईनं लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही. तू म्हणालीस, "आई, मी परत जाणार नाही." आई म्हणाली, "आत्ता जा. परवा मी येते, बसून बोलू." आणि दार लावलं. एवढं तुला माहीत आहे.

मी आईच्या मागे उभी होते. जाळी धरलेल्या तुझ्या हाताचं मनगट निळं होतं, अंगठ्याची खूण वेगळी दिसत होती. आईला तेव्हाही धूसरच दिसायचं, आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत होतो. तिला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी सांगितलं नाही.

दार लावल्यावर तू तीनदा बेल वाजवलीस. पहिल्या वेळी आई आतून म्हणाली, "आपली का गं वाजली?" मी म्हणाले, "नाही, टीव्हीतली." आणि रिमोट घेऊन आवाज वाढवला. बाकीच्या दोन वेळा आवाजात गेल्या. मला ऐकू आल्या. तुला बाहेर वाटलं असणार की आवाज आईनं वाढवला. आवाज मी वाढवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ताथवड्याची माणसं मला बघायला येणार होती. तू घरात असतीस तर त्यांनी विचारलं असतं. त्यांनी तरीही विचारलं, "मोठी बहीण कुठे असते?" मी म्हणाले, "पिंपळे गुरवला, सुखात आहे." चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला की पत्रिका जुळत नाही. आपण कधी पत्रिका दिलीच नव्हती. आई म्हणाली, "बरं झालं, टळलं."

आई परवाला म्हणजे परवाला पिंपळे गुरवला गेली होती, तुझ्यासाठी मेथीचे लाडू घेऊन. तिथं कळलं की तू परत पोचलीच नव्हतीस. लाडू ती परत घेऊन आली. ते कुणी खाल्ले नाहीत.

मी हे आईला सांगितलेलं नाही. तुला आधी लिहिलं. तुझा चेहरा माझ्यासमोर नाही, म्हणून तुला लिहिणं सोपं होतं. हे कारण चांगलं नाही, पण खरं आहे.

मिनल


शनिवार, ३१ जानेवारी

ताई,

'सोनसळी उंबरा' आज संपली. शेवट मी पाहिला नाही. आईनंही ऐकला नाही. विमलबाई उद्या सांगतील.

झालं असं. साडेसातला टीव्ही लावला, नाव येऊन गेलं, आणि मी म्हणाले, "आई, मधुवंती माडीवर नाही."

आई म्हणाली, "म्हाईतीये मला. आज संपणार हाय ना, आज तरी घेतीय का बघू."

"तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू पोरीला आत घेतलीस, तेल लावलंस, दूध पाजलंस. म्हटलं ठेवू दे. कुणीतरी ठेवलं म्हंजे झालं."

मग मी सगळं सांगितलं. मनगट आधी सांगितलं, कारण बेलपेक्षा ते सांगणं अवघड होतं. कोणतं मनगट ते तिनं विचारलं. मी म्हणाले, डावं. तिनं स्वतःचं डावं मनगट उजव्या हातात धरलं. मग मी बेलचं सांगितलं, ताथवड्याचं सांगितलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं चाचपडत रिमोट शोधला. मला वाटलं आवाज कमी करतेय. तिनं टीव्ही बंद केला. साडेसातला आपल्या घरात टीव्ही बंद असलेला मला आठवत नाही. खालच्या मजल्यावरून त्याच मालिकेचं गाणं ऐकू येत होतं.

"किती येळा वाजवली तिनं?" आईनं विचारलं.

"तीनदा."

"मला दोन आईकू आल्या."

मी म्हणाले, "दोन?"

ती म्हणाली, "पहिलीला तुला विचारलं. तू म्हणालीस टीव्हीतली. टीव्हीत तवा साबणाची जाहिरात चालू होती, मिनल. ते फेसाचं गाणं. साबणाच्या जाहिरातीत कुठली आली बेल?" मग म्हणाली, "दुसरीला मी इचारलंच न्हाई. तू आवाज वाढवलास, मी वाढवू दिला. म्या पण तुझ्या उद्याच्या पाव्हण्यांचाच इचार करत होते. म्हटलं एक पोर तर मार्गी लागू दे."

"मग इतके दिवस तू माझ्यावर रागावून..."

"तुझ्यावर कशाला? तू होतीस म्हणून मला सोपं गेलं. आंधळी मी नंतर झाले, तवा नव्हते."

वाटाणे संपलेत, तिच्या हाताला काही काम नव्हतं. ती साडीचा पदर बोटांनी चाचपत होती, किडका दाणा शोधतात तसा.

मग म्हणाली, "तिला लिव्हतीस ना तू? साधना बोलली मला." म्हणजे तेही तिला माहीत होतं. या घरात कुणापासून काय लपवायचं तेच मला आता कळत नाही. "लिही. दोन आईकू आल्या म्हणून लिही. तुझं लिवलंस तसं माझं पण लिही. रंग भरू नको."

म्हणून लिहिते: आईला दोन ऐकू आल्या होत्या.

मिनल


रविवार, १५ फेब्रुवारी

ताई,

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ३ तारखेला नीट झालं. डाव्याचं मेमध्ये. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आईनं आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. म्हणाली, "किती वाळलीस गं. मला कुणी सांगितलं न्हाई." सांगायचं काम माझंच होतं.

घरी आल्यावर ती पप्पांच्या फोटोसमोर उभी राहिली. फोटोवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ह्यांचा शर्ट निळा हाय व्हय! मी करडा समजत होते." मग दाराशी गेली आणि बेलचं बटण पाहिलं. दाबलं नाही.

साडेसातला आता नवीन मालिका सुरू झालीय. नायिका कलेक्टर आहे आणि सासूला घाबरते. आई स्वतः बघते आणि आता तिचं मत माझ्यापेक्षा कडक आहे. "हिचं लिपस्टिक रडल्यावर बी तसंच," म्हणते. मी शेजारी बसते, पण मला आता काही सांगावं लागत नाही. दोन दिवस मला फार रिकामं वाटलं. 'सोनसळी'चा शेवट विमलबाईंनी सांगितला. नंदकिशोरला अपघात झाला, तो सगळं विसरला, आणि मधुवंती त्याची सेवा करायला परत गेली. आई म्हणाली, "म्हंजे मारलेलं ह्यो इसरला, आणि तिनं पण इसरायचं?" विमलबाई गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

काल कंपनीत जेवणाच्या सुट्टीत साधनाताई डबा घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "तुझ्या बहिणीचा फोन होता. तुला काही सांग म्हणाली नाही. पण मला एक विचारलं, ते मला समजलं नाही, तुला समजतंय का बघ." मी विचारलं, काय? ती म्हणाली, "विचारत होती, मधुवंती अजून माडीवरच आहे का?"

मी डबा बाजूला ठेवला. साधनाताई विचारत होती, कोण मधुवंती, तुमच्यात कोण आहे या नावाची? मला हसू पण येत होतं आणि दुसरंही काही. माझं नाक वाहत होतं, हे मी मुद्दाम लिहिते.

घरी येऊन आईला सांगितलं. मी म्हणाले, "आई, तिला ये म्हणून लिहू का?"

आई एकदम चिडली. "ये म्हणून? तिनं का यावं? दोनदा येऊन गेली म्हणायची ती. जाळीपाशी एकदा, बेलपाशी एकदा. आता आपन जायचं. आमी येतो म्हणून लिही. डॉक्टरला इचार कधी जाऊ म्हणून."

डॉक्टर म्हणाले, महिन्यानंतर चालेल, धुळीचा चष्मा लावून. म्हणून १३ मार्च, शुक्रवारची पुण्याहून बंगळूरची गाडी धरलीय. शनिवारची रात्र बंगळूरला साधनाताईच्या मामाकडे काढू, आणि रविवारी बसनं होसूर. रविवारी तुला सुट्टी असते असं साधनाताई म्हणाली. सकाळी अकराच्या सुमारास तुझ्या दाराशी असू. हॉटेलची खोली पाहून ठेवलीय, म्हणजे तू आम्हाला ठेवून घ्यायलाच हवंस असं काही नाही.

आईला तुझं मनगट बघायचंय. मी म्हणाले, "आई, दोन वर्षं झाली, आता तिथं काही राहिलं नसेल." ती म्हणाली, "मंग तेच बघायचंय." ती लाडू करणार नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आधी दार. लाडू मागनं."

आम्ही कसं करायचं ते तिनं ठरवलंय आणि मी जसंच्या तसं लिहिते. आम्ही तीनदा बेल वाजवू. आई वाजवेल, मी नाही. पहिल्यांदा वाजवून थांबू, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा वाजवणार नाही, हाक मारणार नाही, शेजाऱ्यांना विचारणार नाही. तू उघडलं नाहीस तर बसनं परत येऊ, आणि तुला ऐकू आली की नाही असं कधी विचारणार नाही.

तुझ्या घरात टीव्ही असेल, तर त्या वेळी लावला तरी चालेल.

तुझी
मिनल

ता.क. खाली आईनं सही केलीय. स्वतःची सही तिनं दोन वर्षांनी पाहिली. म्हणाली वाकडी आलीय, नवीन कागद घे. मी घेतला नाही.